व्हिडिओबरोबर चित्र जमतं, एकटं बसलं की चिखल होतो: पन्नाशीनंतर स्वतःहून शिकणाऱ्यांसाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वय ५७, बँकेतून निवृत्त, राहायला कोथरूडला. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, बी ग्रेड मिळाली, मग नोकरी, संसार, आणि ब्रश जो सुटला तो सुटलाच. आता दीडेक वर्ष यूट्यूबवर बघून वॉटरकलर करताय. व्हिडिओ लावून केलेलं चित्र मस्त येतं, घरचे म्हणतात फ्रेम करा, पण स्वतःच्या फोटोवरून किंवा गॅलरीतून दिसणाऱ्या झाडावरून काढायला बसलात की सगळा चिखल. म्हणून चार गोष्टी विचारल्यात: क्लास लावू का, फाइन आर्टचा कोर्स करू का, वॉटरकलर सोडून अ‍ॅक्रिलिक धरू का, आणि मुळात या वयात काही होईल का.

माझ्याबद्दल थोडं, कारण मी कुठून बोलतोय ते कळायला हवं. मी कारखान्यात प्लॅनिंगला होतो, ब्रश हातात आला तो पन्नाशीच्या तोंडावर, आर्ट कॉलेजात शिकलेलो नाही. आता बरीच वर्षं चित्रं काढतोय, थोडीफार विकतोही, आणि शनिवार-रविवार घरीच मोठ्या माणसांना शिकवतो, सगळे चाळिशीच्या पुढचे. तुमची जी तक्रार आहे तीच घेऊन बहुतेक जण येतात, त्यामुळे यात तुमच्या हातात काही कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

खरी अडचण अशी आहे. व्हिडिओतला माणूस कॅमेरा सुरू करायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम करून बसलेला असतो. कुठला फोटो घ्यायचा, त्यातला किती भाग ठेवायचा, विजेच्या तारा आणि पार्क केलेल्या गाड्या काढून टाकायच्या, सगळ्यात गडद काय, कोरा कागद कुठे सोडायचा, आधी आकाश का आधी भिंत, हे सगळं त्याने ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त हात हलवता त्याच्यामागे. स्कूटरवर मागे बसून रोज त्याच रस्त्याने गेलात तरी रस्ता लक्षात राहत नाही, स्वतः चालवायची वेळ आली की पहिल्या चौकातच डावीकडे का उजवीकडे होतं, तसं हे आहे. दीड वर्षात तुमचा हात तयार झालाय, वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकता येतो, ब्रश ओळखता येतो, हे काही वाया गेलेलं नाही. पण ठरवायची सवय झालेली नाही, आणि फोटोसमोर एकटं बसल्यावर नेमकं तेच करावं लागतं.

हे खरं आहे का ते तुम्हीच तपासा. व्हिडिओ बघून केलेलं तुमचं सगळ्यात आवडतं चित्र घ्या, त्याचा मूळ फोटो तेवढा समोर ठेवा, व्हिडिओ बंद, तुमचं जुनं चित्रसुद्धा कपाटात, आणि परत काढा. कुठे अडताय ते एका कागदावर लिहीत जा. माझा अंदाज सांगतो, दोन ठिकाणी अडाल: गडद नक्की किती गडद करायचं, आणि ओल्या रंगाला नेमक्या कोणत्या वेळी हात लावायचा नाही. रंग कुठला घेऊ हा प्रश्न वाटतो मोठा पण तो तिसऱ्या नंबरचा आहे.

आता वयाचं. उदाहरणं भरपूर आहेत आणि ती सगळीकडे सांगितली जातात, पण ती नीट वाचायला हवीत. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा सत्तरीला टेकले होते. हे खरंय, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून आकार काढत बसायचे, म्हणजे हात अगदीच नवखा नव्हता. आंरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर कारकून होता, १८९३ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला, वय ४९. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधैया बाई बैगा, मजुरी करत आयुष्य गेलं, सत्तरीच्या आसपास रंग हातात घेतले आणि २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता या तिघांत एक गोष्ट सारखी आहे जी कुणी सांगत नाही. तिघांपैकी कुणीही समोरचं दृश्य जसंच्या तसं, उजेड-सावलीसकट उतरवायच्या मागे लागलेलं नव्हतं, त्यांचं जग त्यांच्या डोक्यातून आलं. तुम्हाला मात्र (प्रश्नावरून तरी तसं वाटतंय) वाडे, झाडं, मंडईतली गर्दी, असं दिसणारं जग वॉटरकलरमध्ये हवंय. त्याला ड्रॉइंग लागतं, टोन म्हणजे गडद-फिकटाच्या पायऱ्या कळाव्या लागतात, आणि ते शिकायला वेळ जातो. या वयात होतं, नक्की होतं, पण टागोरांचं उदाहरण देऊन 'बघा आपोआप येतं' असं म्हणणं म्हणजे फसवणूक आहे.

आणि 'सेल्फ टॉट', म्हणजे स्वतःचं स्वतः शिकलेला, या प्रकाराबद्दलही थोडं. पुण्यात वॉटरकलरचं जे वेड आहे त्यात मिलिंद मुळीक यांचा वाटा फार मोठा आहे, आणि लोक हौसेने सांगतात की त्यांचं शिक्षण इंजिनिअरिंगचं. बरोबर आहे, पण वडील प्रताप मुळीक स्वतः मोठे चित्रकार, अमर चित्र कथावाले, म्हणजे चित्र कसं बनतं हे रोज घरात बघायला मिळत होतं. आपल्या घरी ते नव्हतं. त्यामुळे ते बघणं, चित्रकाराला काम करताना बघणं आणि चित्रासमोर उभं राहणं, आपल्याला आता मुद्दाम करावं लागतं. त्यावर पुढे येतो.

वयामुळे खरंच ज्याचा फरक पडतो ते म्हणजे डोळे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. तुमचा वाचायचा चष्मा साधारण ३५-४० सेंटीमीटरवर वाचण्यासाठी दिलेला असतो. बोर्ड तिरका ठेवून नीट बसलात तर कागदाची वरची कड त्याच्या बरीच पुढे जाते, साठ-सत्तर सेंटीमीटरपर्यंत, मग आपण नकळत पुढे वाकतो, नाक कागदाला लागतं, आणि संपूर्ण चित्र एकदम दिसायचं बंद होतं, फक्त तुकडे दिसतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी वाईट, खालच्या पट्टीतून बघायला मान वर करावी लागते, तासाभरात मान धरते. चष्म्याच्या दुकानात अंतर मोजून सांगा की मला एवढ्या अंतरावर काम करायचंय, ते कॉम्प्युटरसाठी देतात तसा मधल्या अंतराचा चष्मा करून देतात. महागड्या ब्रशआधी हा खर्च करा.

दुसरं मोतीबिंदू. सुरुवातीला डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळे रंग मंद दिसायला लागतात, हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. फ्रेंच चित्रकार मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, ऑपरेशन १९२३ ला, आणि त्या मधल्या काळातली त्याची चित्रं बघा, लाल-तपकिरी किती वाढलाय. आपण मोने नाही पण डोळा तोच आहे. माझ्याकडच्या एका बाईंना ऑपरेशननंतर आपलीच जुनी आकाशं भडक निळी दिसायला लागली, आधी निळा दिसत नव्हता म्हणून ओतला होता. तेव्हा डोळ्यांची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर करून घ्या. आणि संध्याकाळी काम करत असाल तर घरातला पिवळा बल्ब नको, पांढरा एलईडी घ्या, डब्यावर ५००० ते ६५०० के लिहिलेलं असतं आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर मिळाला तर उत्तम, नाहीतर रात्री छान दिसलेलं चित्र सकाळी भलतंच दिसतं.

चष्म्याचा एक फायदा पण आहे बरं का. मायनस नंबर असेल तर चष्मा काढून समोर बघा, डिटेल सगळं गायब, फक्त गडद-फिकट ठिपके उरतात. चष्मा नसलेल्यांना डोळे बारीक करून जे मुश्किलीने दिसतं ते आपल्याला फुकट.

आता चिखल. चिखल म्हणजे काय होतं ते तांत्रिक अंगाने सांगतो कारण त्यातला अर्धा भाग लगेच सुधारता येतो.

पहिलं कारण ओलावा. कागदावर रंग टाकल्यावर तो चमकतो, तोवर दुसरा रंग त्यात सोडला तर छान पसरतो. मग चमक जाते, कागद मॅट दिसतो आणि आपल्याला वाटतं सुकला. सुकलेला नसतो. बोटांची मागची बाजू अलगद टेकवा, गार लागला म्हणजे आत पाणी आहे. या गार अवस्थेत जास्त पाण्याचा ब्रश लागला की फुलकोबीसारखे डाग येतात आणि आपण ते दुरुस्त करायला घासतो, खालचा थर उठतो, वरचा त्यात मिसळतो, झाला चिखल. चमक आहे तोवर काम करा किंवा पूर्ण सुकल्यावर करा, मधल्या वेळात ब्रश खाली ठेवून चहा करायला जा. व्हिडिओत हा मधला वेळ कापलेला असतो, म्हणून तुम्हाला तो कळलाच नाही.

यात पुण्याची हवा धरा. व्हिडिओ करणारा कुठल्यातरी थंड देशात बसलेला असतो, त्याचा वॉश निवांत ओला राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी आकाशाचं एक टोक रंगवेपर्यंत दुसरं सुकलेलं असतं. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सनमायकाच्या किंवा काचेच्या तुकड्यावर चिकटवा, बराच वेळ ओला राहतो. पावसाळ्यात उलट, जुलैत वॉश सुकतच नाही, धीर सुटतो आणि आपण गार कागदावर ब्रश मारतो. हेअर ड्रायर वापरा पण चमक गेल्यावर, आधी नाही, नाहीतर रंग ढकलला जातो. आणि कागद पावसाळ्यात झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कागदाला रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून साइझिंग केलेलं असतं, दमटपणाने ते खराब झालं की वॉशमध्ये टीपकागदासारखे चट्टे पडतात आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

दुसरं कारण कागद. तुम्ही लिहिलंय की प्रॅक्टिस स्वस्त कागदावर आणि 'फायनल' चांगल्या कागदावर. मी उलट सांगेन. साध्या लाकडाच्या लगद्याच्या कागदावर वॉटरकलर वेगळंच वागतं, तिथे शिकलेलं चांगल्या कागदावर लागू पडत नाही. ३०० जीएसएम, १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत) असा कागद घ्या, पण छोटा कापून. फुल शीट २२ बाय ३० इंच असते, तिचे आठ तुकडे केले की प्रत्येक साडेसात बाय अकरा, आणि मागची बाजू पण वापरता येते, म्हणजे एका शीटमध्ये सोळा अभ्यास. ब्रँड कुठलाही चालेल, आर्चेसच हवा असं काही नाही, अप्पा बळवंत चौकात किंवा टिळक रोडच्या बाजूला आर्टच्या दुकानांत देशी कॉटन कागद मिळतात. शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, १९४० पासूनची, तिथला कागद स्केचिंगला मला आवडतो, पण हातकागदाचा पोत आणि साइझिंग वेगवेगळं येतं, आधी एका कोपऱ्यावर वॉश टाकून बघा.

तिसरं रंग. २४ रंगांचा सेट बाजूला ठेवा. तयार हिरवे, तयार करडे, तयार तपकिरी यात बरेचदा आधीच दोन-तीन रंगद्रव्यं मिसळलेली असतात, तुम्ही त्यात अजून दोन मिसळलेत की एकूण पाच-सहा झाली, मग चिखल नाही तर काय होणार. ट्यूबवर बारीक अक्षरात कोड असतो, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही १९ म्हणजे गुलाबी-लाल क्विनाक्रिडोन, एकच कोड असलेल्या ट्यूब निवडा. मी शिकवताना अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक थंड (लिंबाकडे झुकणारा) पिवळा आणि तो पीव्ही १९, एवढ्यावरच सुरुवात करायला लावतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्या दोघांत आपल्याकडचा सगळा काळा दगड निघतो, शनिवारवाड्याच्या जोत्यापासून घाटापर्यंत, निळा जास्त केला की सावलीतला, सिएना जास्त केला की उन्हातला. स्टुडंट ग्रेडमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त, म्हणून गडद टोन येत नाही आणि आपण थरावर थर चढवतो. निदान हे पाच तरी आर्टिस्ट ग्रेडचे घ्या, हळूहळू एकेक घेतले तरी चालेल. जुन्या अ‍ॅलिझरिन क्रिमझनचा कोड पीआर ८३, तो उजेडात उडतो, भिंतीवर लावायच्या चित्रात टाळा.

थोडक्यात इथपर्यंत: चमक बघा, कागद चांगला पण छोटा, रंग मोजके. एवढ्याने चिखल बराच कमी होईल. पण चित्र स्वतःचं व्हायला जे लागतं ते याच्या आधीचं आहे, आणि तिथे तुमची इंटरमिजिएट कामाला येणार आहे.

आठवतंय का, स्मरणचित्र नावाचा पेपर असायचा? 'बाजारातील दृश्य', 'पाणवठा' असा विषय द्यायचे आणि आपण समोर काही नसताना काढायचो. बहुतेकांनी ठरलेली माणसं पाठ केलेली असायची हा भाग वेगळा. पण तो पेपर फार शहाणपणाचा होता असं मला आता वाटतं, कारण आठवणीतून काढताना डोकं आपोआप फालतू गोष्टी गाळतं. तुम्ही हे करा: पाताळेश्वरला जा, जंगली महाराज रोडवर, कोथरूडहून काही लांब नाही. लेणं आठव्या शतकातलं, समोर तो गोल नंदीमंडप, जाड चौकोनी खांब. सावली असते, बसायला जागा असते, कुणी फार डोकावत नाही. मांडीवर वही ठेवून व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चौकटी पेन्सिलीने आखा, आणि मंडप फक्त तीन टोनमध्ये भरा: कोरा कागद, मधला करडा, ६बी पेन्सिलीचा गडद. रेषा नकोत, नक्षी नको, खांबांची संख्यासुद्धा चुकली तर चुकू दे. ऊन पडलेलं छत कोरं, खांब करडे, आतला अंधार काळा, बास. जागा बदलून तीन-चार चौकटी भरा, एक उभी, एक आडवी, एक अगदी जवळून. मग फोटो न काढता घरी या, आणि दुसऱ्या दिवशी वही न उघडता आठवणीतून एक चौकट भरा. त्यानंतर वही उघडून बघा काय विसरलात. जे विसरलात त्यातलं बरंचसं चित्रात नको असतं.

रंगात करायची ती त्यातली एकच चौकट, छोट्या कागदावर, आणि तीच परत परत. हे लोकांना कंटाळवाणं वाटतं. मोठेपणी शिकणाऱ्या माणसाला प्रत्येक बैठकीतून एक चित्र हवं असतं, वेळ घालवला तर काहीतरी हातात दिसलं पाहिजे, आयुष्यभर नोकरीत तसंच वागलोय आपण. त्यामुळे आज गुलाब, उद्या बर्फाचे डोंगर, परवा व्हेनिस. प्रत्येक वेळी प्रश्न नवे, म्हणून उत्तर कुठलंच पक्कं होत नाही. शिकायचं काम आणि दाखवायचं काम वेगळं ठेवा. शिकायची चित्रं एका फाइलमध्ये तारीख घालून टाका, घरच्यांना दाखवू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. नंदीमंडपच हवा असं नाही, घरातली पितळी कळशी आणि दोन लिंबं खिडकीशी मांडलीत तरी चालेल, पण एक विषय धरा आणि त्यातून नवीन काही निघेनासं होईपर्यंत सोडू नका. मंडईची इमारत मात्र इतक्यात नको, १८८६ ची ती दगडी वास्तू, मधला अष्टकोनी मनोरा, त्यात पर्स्पेक्टिव्ह आणि खाली गर्दी, चांगले चांगले तिथे घाम गाळतात.

हे सगळं किती जमेल ते तुमच्या घरावर अवलंबून आहे, ते मला माहीत नाही. नातवंडं सांभाळायची असतील, घरात कुणी आजारी असेल, तर 'रोज दोन तास बसा' हा सल्ला निरर्थक आहे. एवढंच सांगतो की सामान मांडून ठेवा. डायनिंग टेबल आवरून, सामान काढून, परत भरून ठेवायचं असेल तर माणूस महिन्यातून दोनदा बसतो. गॅलरीच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल कायमचं अडवलंत, त्यावर पॅलेट उघडं आणि बोर्ड तयार, तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा एक तीन टोनची चौकट होते.

क्लासचं म्हणाल तर, लावा, पण बघून. वय जास्त म्हणून शिक्षक आपल्याला फार मान देतात आणि सगळंच 'छान' म्हणतात, ते उपयोगाचं नाही. क्लासला जाऊन आधी एकदा नुसतं बसायची परवानगी मागा. भिंतीवर विद्यार्थ्यांची चित्रं बघा, सगळी एकाच हाताची वाटली तर परत फिरा. शिक्षक विद्यार्थ्याचा ब्रश घेऊन त्याच्याच कागदावर दुरुस्ती करतात का ते बघा, करत असतील तर तुम्ही व्हिडिओतच परत आलात, फक्त आता फी भरून. समोर खरी वस्तू मांडून काढायला लावतात का, आणि तुमच्या चित्राबद्दल 'इथे असं का केलंत' असा प्रश्न विचारतात का, एवढं असलं तर क्लास चांगला, मग शिक्षक तुमच्या मुलाच्या वयाचा का असेना.

फाइन आर्टचा पदवी कोर्स मी तुम्हाला सुचवणार नाही. चार वर्षं, पूर्णवेळ, बारावी झालेल्या मुलांसाठी आखलेला, आणि त्यातलं बरंच काही तुम्हाला नकोय. तुम्हाला पोर्ट्रेट किंवा मानवाकृतीत खोल जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मॉडेल समोर बसवून शिकणं घरी होत नाही. पण टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागलं की जरूर जा, फुकटात शिक्षण आहे ते. त्यापेक्षा रविवारी सकाळी शहरात कुठेतरी जमून स्केचिंग करणारे ग्रुप पुण्यात आहेत, कधी विश्रामबागवाडा, कधी एम्प्रेस गार्डन, त्यांच्यात जा. शेवटी सगळे वह्या एकत्र मांडतात, तेव्हा तुम्ही जिथे बसला होतात तिथूनच दुसऱ्याने काय गाळलं ते दिसतं. मघाशी म्हटलं ना, चित्रकाराला काम करताना बघणं, ते इथे होतं.

प्रदर्शनांनाही जा, बालगंधर्वचं कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, पत्रकारनगरचं दर्पण. एखादंच चित्र निवडा, आधी लांबून, मग अगदी नाक लावून, परत लांबून. कोरा कागद कुठे सोडलाय ते शोधा. वॉटरकलर असेल तर सगळ्यात गडद जागा कुठली आणि ती किती थोडी आहे ते बघा. चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो आणि दुपारच्या वेळी कंटाळलेला असतो, विचारलंत तर मनापासून सांगतो.

अ‍ॅक्रिलिकबद्दल. माध्यम बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही, कारण टोन तिथेही ठरवावे लागतात. पण अ‍ॅक्रिलिकमध्ये गडदावर फिकट टाकता येतं, चूक झाकता येते, त्यामुळे भीती कमी होते हे खरंय. मी काही लोकांना मधेच थोडे दिवस पोस्टर कलर देतो, फक्त काळा, पांढरा आणि यलो ऑकर, तेच इंटरमिजिएटवाले, आणि तोच नंदीमंडप सपाट रंगात करायला लावतो, त्याने टोन पटकन डोक्यात बसतात. मग परत वॉटरकलर. अ‍ॅक्रिलिक घेतलंतच तर ब्रश वेगळे ठेवा आणि काम चालू असेपर्यंत पाण्यातच ठेवत जा, पुण्याच्या उन्हाळ्यात ब्रशवर सुकलेलं अ‍ॅक्रिलिक निघत नाही. ऑइल फ्लॅटमध्ये नको, टर्पेंटाइनचा वास घरभर होतो आणि कुणाला दमा असेल तर विषयच नको.

घरच्यांच्या 'छान'चं काय करायचं? त्यांना दोष देऊ नका, त्यांना तुम्ही आनंदात दिसताय ते छान वाटतंय. फक्त प्रश्न बदला. 'कसं झालंय' विचारलं की एकच उत्तर येतं. त्याऐवजी 'सगळ्यात आधी नजर कुठे गेली' असं विचारा. तुम्हाला मंडपातला अंधार दाखवायचा होता आणि मिस्टर म्हणाले झाडाकडे गेली, तर झाडावरचा हिरवा जास्त झालाय, त्यांना चित्रातलं काही कळत नसलं तरी हे उत्तर शंभर टक्के खरं असतं.

प्रदर्शन इतक्यात नको असं माझं मत. आणि व्हिडिओवरून केलेली चित्रं तर कधीच प्रदर्शनात किंवा विकायला नकोत, मांडणी दुसऱ्याची आहे ती. घरात लावायला फ्रेम करा ना, खुशाल करा, पण फ्रेमवाल्याला सांगा की माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, काच थेट कागदाला टेकायला नको, पावसाळ्यात आत दमटपणा धरून कागद काचेला चिकटतो आणि बुरशी येते. बाहेरच्या भिंतीवर जिथे ओल झिरपते तिथे लावू नका, पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको.

पाताळेश्वरच्या चौकटी भरून झाल्या की मला दाखवा. फोटो दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, कागदाच्या अगदी समोरून काढा, आणि रंगीत चित्राबरोबर ती पेन्सिलची चौकट पण एकाच फोटोत ठेवा, म्हणजे ठरवलं काय होतं आणि झालं काय ते दोन्ही शेजारी दिसेल. मोबाइलमध्ये तोच फोटो एकदा ब्लॅक अँड व्हाइट करून बघा पाठवायच्या आधी, बरेचदा माझं अर्धं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.